घर बंद, माणसं आहेत

आप्पा, मघाशी दार वाजलं आणि मी उघडलं नाही.

तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही नाही. एका खोलीत राहणारी तीन माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? पण गेल्या उन्हाळ्यापासून एक लचांड मागं लागलंय. सुटीच्या दिवशी दुपारी जेवण उरकतं, भांडी पालथी घालते, जरा पाठ टेकावी म्हणते, तर दारावर तीन ठोके पडतात. बोटांचे नाहीत, लाकडाचे. तुमच्या शिक्क्याच्या मुठीचे. पंचायतीचा तो शिक्का उलटा धरून तुम्ही मुठीनं दार वाजवायचात, म्हणजे आतल्या माणसाला कळावं की पोलीस नाही, सावकाराचा माणूस नाही, पट्टीवाले आप्पा आलेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भांड्यांच्या ओल्या हातांनीच जाऊन दार उघडलं. जिना रिकामा. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी पापड घेऊन गच्चीवर निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, कुरिअरवाल्याची. तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा तरी. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "भूत-बित काय नसतंय पोरी, जेवाण जड झालं आसंल." पण मी दुपारी एकच भाकरी खाते, आणि ठोके पडायचे ते पडतातच.

आधी मी कुठं आहे ते सांगते. शिरूरला, बायपासच्या अलीकडं, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकघर, आणि दारावर माझ्या नावाची पाटी. चार वर्षं वाट बघून ताबा मिळाला. आईला हे घर दिसलं नाही, मी बुकिंग केलं त्याच वर्षी ती गेली. लग्नाचं विचारू नका. नोकरी म्हणाल तर तुमचीच पुढं चालवते. इथून जवळच्या एका मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. कंत्राटी. कारखान्यांमुळं वाढलेलं गाव, चौकात बिहारी पोरांची भाजी आणि मोबाईलची दुकानं, आणि वेशीवर एवढी मोठी स्वागत कमान की तिच्याखालून जाताना माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटावं. तुम्ही शिपाई होतात, वसुलीला हिंडायचात. मी पंख्याखाली बसते. लोक मला म्याडम म्हणतात. आणि येत्या शुक्रवारी पंचायत समितीत अकरा घरांची शेवटची सुनावणी आहे. ती अकरा घरं होती की नव्हती, त्यात माणसं राहत होती की नव्हती, हे सगळं माझ्या एका जबाबावर अडलंय. ती घरं यादीत परत आली तर त्या लोकांना जागा नावावर होऊन घरकुल मिळेल. नाही आली तर ती माणसं या तालुक्यात कधी नव्हतीच, असं कायमचं ठरेल.

तुमचे डोळे गेले तो हिवाळा मला आठवतो. गेले म्हणजे मोतीबिंदू पिकला होता, आणि पंचायतीत कळलं तर नोकरी जाईल म्हणून तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची. कॉलेजला सुटी लागली की तुमच्याबरोबर घरपट्टीच्या वसुलीला निघायची, पुस्तक माझ्या हातात. केडगाव आणि राहूच्या मधलं आपलं गाव, सकाळी गुऱ्हाळांचा धूर खाली उतरलेला, आणि सगळ्या रस्त्याला त्या उकळत्या रसाचा वास. तुम्ही पुढं. पायवाट तुम्हाला पाठ होती, म्हणून आंधळेपणा कुणाच्या ध्यानात येत नव्हता. दार आलं की तुम्ही ठोके मारता, "घरात कोन हाय?" म्हणता, आतून कोणी म्हणतं, "या आप्पा, च्या घ्या," आणि तुम्ही म्हणता, "च्या नको, पावती घे." मी खाली बसून लिहिते. लोकांना वाटतं, आप्पांनी पोरीला कामाला लावलंय. कुणी कुणी म्हणतंही, "आप्पा, पोरीचा अक्षार लय ग्वाड हाय." तुम्ही नुसतं "व्हय" म्हणता.

गायरानातल्या वस्तीवर गेलो त्या दिवसाचं सांगते. एका रांगेत पाच घरांना कुलूप. सगळी माणसं भीमेच्या काठाला वीटभट्टीवर गेलेली, दिवाळीनंतर गेली की पाऊसकाळाच्या तोंडाला यायची. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "इथं कुणी राहत नाही, आप्पा. चला पुढं." तुम्ही थांबलात. तुम्ही माझ्यावर आवाज चढवलेला मला त्याच्या आधी आठवत नाही आणि नंतरही नाही. म्हणालात, "कुलूप बघून मानूस मेला म्हनायचं का? कडीला हात लाव." मी हात लावला. कडीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. "पुढल्या घरला लाव." तिथंही. पाचही घरांना. मग तुम्ही मला तिथंच उन्हात उभी करून सांगितलंत की ही माणसं कामाला जाताना कडीला चिंधी बांधून जातात. किल्ली शेजारी ठेवतात आणि चिंधी दारावर. "कुलूप चोरासाठी आसतंय, चिंधी गावासाठी. आमी येनार हाय, असं सांगून गेल्यात ती. आन् तू म्हनती कुनी ऱ्हात न्हाई. कुनी शिकवलं तुला?" माझं तोंड एवढंसं झालं. तुम्ही म्हणालात, "लिही शेऱ्यात. घर बंद, मानसं हायेत." मी शुद्ध करून लिहिलं: घर बंद, माणसं आहेत. पाच वेळा. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसं, एकाखाली एक.

त्या शेऱ्यावरून भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकानं, तुम्हाला बोल लावला होता. असा शेरा नमुन्यात बसत नाही म्हणाले. तेव्हाच्या सरपंचांचं तर म्हणणंच वेगळं. गायरानातल्यांची पट्टी घेऊच नका, उद्या पावत्या दाखवून हक्क सांगतील. तुम्ही खाली बघून म्हणालात, "सांगूद्यात की." एवढंच. मी बाहेर पायरीवर बसून ऐकत होते. तुम्ही शिकलेले नव्हतात, भाषणं करायचा नाहीत, युनियनच्या मोर्चाला एकदाच पुण्याला गेलात आणि चप्पल हरवून परत आलात. पण पट्टीचं तुमचं एक ठाम होतं. पैसा गावाचा आहे, तो ज्याच्याकडं जास्त त्याच्याकडून जास्त यावा आणि ज्याला घर नाही त्याच्या घराला जावा, यात अवघड काय आहे, तुम्ही आईला विचारायचात, जणू तीच सरपंच. "पावती म्हंजी काय? गावानं दिलेली कबुली. तू हायेस, अशी." गायरानातल्या बायका त्या पावत्या पिशवीत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, आणि कोंबड्यांच्या शेडचा मालक मात्र दरसाल अपिलात. त्याच्या दारात तुम्ही सगळ्यात जास्त वेळा शिक्का वाजवलात. त्यानं एकदाही पावती फाडली नाही.

आणि तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. पंचायतीमागची ती खोली आपली नव्हती, हे मला तुमच्या दहाव्याच्या दिवशी कळलं. पंधरा दिवसांत रिकामी करा, अशी नोटीस आली. आईनं भिंतीवरची तुमची खुंटी उपटून पिशवीत घातली आणि आम्ही वरवंडला मामाच्या ओसरीत राहायला गेलो. सात वर्षं. मामी वाईट नव्हती, पण पाहुणे आले की आमची अंथरुणं कुठं टाकायची हा प्रश्न सात वर्षं रोज संध्याकाळी नव्यानं सुटायचा. त्या ओसरीतच मी ठरवलं की एक दिवस माझ्या नावाचं दार असेल आणि ते मी आतून लावीन. हे सांगते कारण पुढं जे झालं ते याच्यामुळं झालं. सबब नाही सांगत. सांगतेय बहुतेक.

गेल्या जानेवारीत घरकुलाचा सर्व्हे निघाला. मोबाईलवर ॲप, दारोदार जायचं, घराचा फोटो, माणसाचा फोटो, बोट लावायचं, पुढं. मी नोकरी करते त्या गावाचं गायरान ओढ्याच्या पलीकडं. तिथल्या वस्तीवर मी गेले तो सर्व्हेचा शेवटचा दिवस. अकरा घरं बंद. तिथलीही माणसं भट्टीवर, इथून उठून तुमच्या दौंडकडंच जातात, राहूला नाहीतर त्याच्या पुढं. एक म्हातारी तेवढी होती, या घरांपासून लांब, ओढ्याकाठच्या तिच्या घरापुढं उन्हात बोरं निवडत बसलेली. तिचं मी करून घेतलं. तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन घेईना, मग डोळ्याचा फोटो काढला. ती म्हणाली, "बाकीची भट्टीला गेल्यात. किल्ल्या माझ्यापशी हायेत, दावू का?" मी म्हटलं, नको आजी. आणि तिनं मला दोन बोरं दिली. ती मी खाल्ली, गोड होती.

सरपंचांचा फोन त्याच वेळी आला. आमचे सरपंच तुमच्या वेळच्यासारखे नाहीत, गोड बोलतात, मिशी नाही, कारखान्याच्या संचालकांत ऊठबस, मला कधी एकेरी बोलले नाहीत. म्हणाले, "म्याडम, यादी आज संध्याकाळपतुर बंद झाली पायजे, वरनं दोनदा फोन झाला. आन् तुमचा उद्या ताबा हाय न्हवं घराचा? सुटी टाकलीय तुम्ही. म्या काय आडवनार न्हाई. येवढी यादी बंद करा आन् बिनघोर जावा." एवढंच बोलणं. धमकी नाही, लालूच नाही. गायरानावर व्यापारी गाळे आणि ट्रकांचं पार्किंग करायचं महिनाभर चाललं होतं, गावाचं उत्पन्न वाढलं पाहिजे म्हणून. ते मला माहीत होतं, कारण मासिक सभेचं इतिवृत्त मीच टाईप करते. त्याच इतिवृत्तात हायवेलगतच्या गोडाऊनची पट्टी दर सभेला पुढच्या सभेवर ढकललेली असते, हेही मीच टाईप करते. गावाचं उत्पन्न त्या गोडाऊनच्या दारातून यायला कुणाची ना नव्हती, फक्त तिथं जाऊन शिक्का वाजवायला कुणी तयार नव्हतं.

मी अकराही घरांपुढं 'कायमचे स्थलांतरित' असं टाकलं. दुसऱ्या दिवशी इथं आले, बिल्डरच्या माणसानं किल्ली हातात दिली, शेगडीवर दूध उतू घातलं, आणि मी सगळे गेल्यावर दार आतून लावून त्याला पाठ टेकून जमिनीवर बसले. खूप रडले. सुखानं रडत होते, आप्पा, खोटं नाही सांगत. इतकं सुख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मार्चमध्ये ग्रामसभेत ठराव झाला. गायरानावरील अकरा रिकामी अतिक्रमणं काढून टाकणे. पुरावा काय, तर माझी यादी. जेसीबी आला. मी ऑफिसात होते, खिडकीतून आवाज येत होता. चहा येईपर्यंत थांबला. इतक्या लवकर थांबला की मला वाटलं, बिघडला असेल. पण काम झालं होतं. मातीच्या भिंती आणि पत्रे, त्याला कितीसा वेळ लागतो.

मे महिन्याच्या शेवटी माणसं परत आली. त्यातला एकजण पहिल्यांदा ऑफिसात आला. पस्तिशीचा असेल, केसांत अजून विटांचा रंग. तो भांडला नाही. त्यानं आधी मला विचारलं, "म्याडम, गायरान ह्येच ना? आमाला वाटलं टेम्पोवाल्यानं चुकीच्या जागी उतारलं." बायको, दोन पोरं आणि बोचकी सपाट मैदानात उभी करून त्यानं म्हणे अर्धा तास आपलं घर शोधलं. चिंचेचं झाड तेवढं तिथं होतं, त्याच्यावरून पावलं टाकत टाकत तो चुलीच्या जागेवर आला, तेव्हा त्याला कळलं. तो बोलत होता आणि मी कॉम्प्युटरकडं बघत होते. मी म्हटलं, "ॲपमध्ये तुम्ही गावात नाही असं आलंय." आलंय, असं म्हटलं, आप्पा. मी टाकलंय असं नाही म्हटलं. तो म्हणाला, "ॲपला कुनी सांगितलं?"

त्याच्या मागोमाग ती म्हातारी आली. पदराची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. सुतळीत ओवलेल्या, अकरा. म्हणाली, "माज्यापशी सांभाळाय दिल्या व्हत्या. आता सांगा, ह्या कुनाच्या हातात दिऊ?" आमच्या इथले भाऊसाहेब पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले. मी हात पुढं केला असावा, मला आठवत नाही, पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि जुडगा परत उचलून पदरात बांधला. "ऱ्हाऊंद्यात. तुमच्याकडं न्हाई ठिवत." त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, मी पहिल्यांदा तुमचे ठोके ऐकले.

तिचं स्वतःचं घर यादीत आहे. तिचं काहीच गेलं नव्हतं. गप्प बसली असती तर एव्हाना घरकुलाचा पहिला हप्ता तिला मिळाला असता, तक्रार झाली की सगळी यादीच थांबते. पण तक्रार तिनंच केली, अंगठा तिचाच. गणपतीनंतर पहिली सुनावणी झाली. साहेब तरुण होते, नीट विचारत होते. मला म्हणाले, "घरं बंद होती हे ठीक. पण माणसं परत येणार आहेत, अशी काही खूण तुम्हाला दिसली का?" मी म्हटलं, नाही सर. "मग पुन्हा भेट का दिली नाही?" मी म्हटलं, ॲपमध्ये तसा पर्याय नव्हता. सरपंच मान हलवत होते. मागच्या बाकावरून म्हातारी उठून उभी राहिली. "चिंधी व्हती की सायेब. समद्या कड्यास्नी चिंध्या व्हत्या." साहेबांनी फोटो उघडले, एकेक करून अकराही, स्क्रीन तिच्याकडं वळवून दाखवली. एकाही फोटोत चिंधी नव्हती. "दिसत नाही, आजी," ते म्हणाले. चांगल्या आवाजात म्हणाले. तिनं डोळे बारीक करून फोटो बघितले, मग माझ्याकडं बघितलं. खाली बसली. लोकांत खोटी पडलेली म्हातारी कशी बसते ते मी बघितलंय.

आता तुम्हाला सांगायचं ते सांगते. ॲपमध्ये पर्याय होता. 'तात्पुरते बाहेर, पुन्हा भेट' असा, मधोमध. तो दाबला असता तर यादी बंद झाली नसती आणि दुसऱ्या दिवशी मला परत तिथं जावं लागलं असतं, ताबा सोडून. आणि चिंधी दिसली होती. पहिल्या दारापाशीच दिसली, हिरव्या काठाची. कडीकडं हात आपोआप गेला, तुम्ही लावायला लावला होता तसा. फोटो काढताना ती चिंधी बरोबर मधे येत होती. मी ती सोडली. गाठ घट्ट होती, नखं लागली. सोडून पर्समध्ये टाकली आणि फोटो काढला. मग पुढच्या दहा घरांना सोडत बसायला वेळ नव्हता, म्हणून मी बाजूला सरकून कडी येणार नाही असे फोटो काढले. दहाच्या दहा. म्हातारी तिकडं बोरं निवडत होती. वर पडताळणीला बसलेल्या कुणाला त्या चिंधीचा अर्थ कळणार होता? एकालाही नाही. तो एकट्या मलाच कळत होता. मग मी ती लपवली कुणापासून, हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. ज्या हातानं तुमच्या पुस्तकात पाच वेळा लिहिलं, माणसं आहेत, तोच हा हात. लोकांना अजूनही माझं अक्षर आवडतं. फक्त आता अक्षराचं काम पडत नाही.

ती चिंधी मी टाकून दिली नाही. कामावर जाताना मी ती माझ्या दाराच्या कडीला बांधून जाते. वहिनींनी विचारलं, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून, असं सांगितलं. संध्याकाळी येऊन सोडते आणि खुंटीला अडकवते. खुंटी तुमचीच आहे, आईच्या पिशवीतून आलेली.

मघाशी दार वाजलं ते लाकडाचं नव्हतं. लोखंडाचं वाजत होतं, किल्ल्यांचं. मी पावलं न वाजवता गेले आणि दाराच्या भोकातून बघितलं. म्हातारी. ऑफिसच्या शिपायाला पत्ता विचारून आलेली असणार, तीन जिने चढून धाप लागलेली. ती म्हणाली, "पोरी, शुक्रवारी खरं सांग. बाकी कायबी मागनं न्हाई." बंद दाराला म्हणाली. माझा श्वास तिला ऐकू जाईल म्हणून मी तोंडावर हात ठेवला. वहिनी बाहेर आल्या, म्हणाल्या, "घरात नसतील आजी, नंतर या." तर ती काय म्हणाली, आप्पा? "बाहीरनं कुलूप न्हाई. कडीला चिंधी न्हाई. मानूस हाय आत. मी बसते."

ती पायरीवर बसली. त्याला आता दीड तास होत आला. हे मी दारापाशीच जमिनीवर बसून लिहितेय, ताबा मिळाला त्या दिवशी बसले होते त्याच जागेवर, आणि मधूनमधून उठून भोकातून बघतेय. एकदा वहिनींनी तिला पाणी दिलं. एकदा तिनं जुडगा मांडीवर घेऊन किल्ल्या एकेक करून चाचपल्या, नावं घेत होती बहुतेक. हे पत्र टाकायचं म्हटलं तरी कुठं टाकणार? पंचायतीमागच्या आपल्या खोलीत आता फिनेलचे कॅन आणि फवारणीचा पंप ठेवतात म्हणे. मध्यंतरी मी एक ओळ लिहिली होती, शुक्रवारी मी खरं सांगणार आहे म्हणून. ती खोडलीय, वर दिसेल तुम्हाला. तुम्हाला एवढं सगळं सांगता आलं, कारण तुम्ही पायरीवर बसलेले नाही. ती बसलीय, आणि मी अजून दार उघडलेलं नाही.